शेगडीचा वारा

आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी एक फुंकणी असे. लोखंडाची वा बांबूची हातभर पोकळ नळी. मंदावलेल्या विस्तवाला वारा हवा असतो, एवढे शास्त्र त्या स्त्रियांना पक्के ठाऊक होते, आणि तो वारा त्या स्वतःच्या छातीतून पुरवीत. लोहाराने हेच काम केव्हाच चामड्याच्या भात्यावर सोपविले. गृहिणीच्या वाट्याला यंत्राचा वारा फार उशिरा आला. आणि आलेला वारा बंद पडला म्हणजे काय होते, हे मला पानशेत येथे पाहावयास मिळाले.

प्रकृतीला विश्रांती हवी म्हणून गेल्या हिवाळ्यात मी आठ दिवस तेथे एका परिचितांच्या घरी राहिलो. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले आणि पुढे पुन्हा बांधलेले धरण तेच. त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. पहाटे त्या पाण्यावरून येणारा गारठा हाडात शिरतो. घराची देखरेख करणारे कुटुंब मागील दोन खोल्यांत राहते : मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि तीन महिन्यांचे तान्हे मूल. थंडीमुळे मुलाचा पाळणा स्वयंपाकाच्या खोलीतच बांधलेला होता, आणि त्याच खोलीत चूल. मावशी खोकत खोकत भाकरी थापीत, आणि पाळण्यातूनही मधूनच खोकल्याचा बारीक आवाज येई. गॅसची टाकी होती, परंतु ती चहापुरती व पाहुण्यांपुरती. टाकीला पैसे पडतात, लाकूड रानात मिळते. हा हिशेब चुकीचा आहे असे निदान पगारदार माणसाने तरी म्हणू नये.

कोपऱ्यात एक पोलादी शेगडी पडून होती व तिच्यावर कांद्यांची टोपली ठेवलेली. कोण्या संस्थेने ती दिली होती. मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, "लई चांगली होती, फादरसाहेब. पण तिचा वारा गेला."

या शेगडीची रचना साधी आहे. आत जळणाचे नळकांडे, बाहेर दुसरे कवच, आणि तळाशी बॅटरीवर चालणारा, संगणकात असतो तसा लहान पंखा. त्याचा वारा दोन वाटांनी जातो. थोडा खालून लाकडाला मिळतो, तर बराचसा दोन भिंतींमधून वर चढून काठाजवळच्या छिद्रांतून आत येतो. लाकूड तापले की त्यातून जळाऊ वायू निघतात. अर्धवट जळाले तर त्यांचाच धूर होतो. वरच्या छिद्रांतून ताजी हवा मिळाली तर तेच वायू ज्योत होऊन जळतात. म्हणून पंखा चालू असताना धूर नावापुरता असतो. मात्र तो थांबला की नळकांड्यातला विस्तव गुदमरतो आणि साध्या चुलीहूनही अधिक धूर ओकतो. मावशी चुलीकडे परतल्या त्या अज्ञानामुळे नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

विदेशात स्थायिक झालेल्या आपल्या काही कुटुंबांच्या घरी भिंतीतल्या शेकोटीत लोखंडी पेटी बसविलेली असते व तिच्याभोवतीची तापलेली हवा खोलीत ढकलण्यासाठी पंखा असतो. त्याचेही दुखणे बहुधा हेच : धूळ, कोरडे पडलेले बेअरिंग, नाही तर पेटी तापल्यावर पंखा सुरू करणारे बटण. तेथे पंखा बंद पडला तर खोली जरा गार राहते, इतकेच.

सेमिनरीत असताना विजेची जुजबी कामे मी शिकलो होतो. मावशींच्या मुलाने पंप दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून मीटर व डाख देण्याची कांडी आणली. बॅटरी तपासली, ती ठीक होती. तळाचे चार स्क्रू काढले तेव्हा राख, पीठ आणि काजळी यांचा नमद्यासारखा थर पात्यांवर बसलेला दिसला. बोटाने फिरविले तर पंखा अडखळे. जुन्या दातघासणीने तो साफ केला, मधला कागदी बिल्ला अलगद उचलून आसावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. (येथे गोडेतेल घालू नये, काही दिवसांत ते चिकटते आणि दुखणे वाढते.) पंखा मोकळा झाला, तरी चालेना. मग आढळले की बटणाजवळची तार सुटली आहे. या भागातला पाऊस असा की भिंतींनाही पाझर फुटतो. टोकावर हिरवा गंज चढला होता. तो खरवडून कथलाचा नवा डाख दिला. पंखा परत बसविताना तो उलटा लागू नये, नाही तर वारा बाहेर जातो. बहुधा ज्या बाजूला बिल्ला, त्या बाजूने वारा सुटतो. खात्रीसाठी कागदाची पट्टी समोर धरावी.

सारा खर्च पन्नास रुपयांच्या आत. मग एवढ्यासाठी ती शेगडी वर्षभर कांद्यांखाली का राहिली? कारण ती देणाऱ्यांनी दुरुस्तीचा माणूस दिला नव्हता. ही गोष्ट एका घरची नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ ते २००२ पर्यंत चालला आणि देशभर साडेतीन कोटींच्या आसपास चुली दिल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक दुरुस्तीअभावी मोडीत निघाल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' संस्थेने चुली घडविण्याचे शिक्षण गावातल्याच कारागिरांना दिले, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरापायी जगात सुमारे बत्तीस लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील दोन लाखांहून अधिक बालके होती. आमच्या धर्मग्रामांतूनही वस्तूंचे वाटप होते, छायाचित्रे निघतात. वाटलेल्या वस्तूंचे दोन वर्षांनी काय झाले, हे पाहण्यासाठी एखादा रविवार राखून ठेवावा असे मी आता सुचविणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी पंखा पुन्हा काढला आणि सुनेला म्हणालो, "आता तू बसव, मुली." तिने लाल तार कोणती, काळी कोणती हे एकदाच विचारले. पहिल्या खेपेस पंखा उलटा लागला. कागदाची पट्टी हलेना म्हणताच तिने तो आपणहून फिरविला.

भात, आमटी आणि बाळाच्या अंघोळीचे पाणी आता शेगडीवर होते. लाकडाचे बोटभर तुकडे करावे लागतात, त्याबद्दल मुलाची कुरकुर चालू आहे. भाकरी मात्र चुलीवरच, कारण शेगडीवर ती नीट फुगत नाही, असे मावशींचे ठाम मत. तेवढ्यासाठी चूल मागच्या पडवीत हलविली आहे. तेलाची बाटली मी सुनेपाशी ठेवून आलो : पावसाळ्यापूर्वी दोन थेंब, दिवाळीनंतर दोन थेंब.