बेसिनमागची काळी पट्टी

गुरुवार, १८ एप्रिल २०२४, यमुनानगर, निगडी

चाकणला आमच्या कारखान्याला गुरुवारची सुट्टी, म्हणून घरची रेंगाळलेली कामं गुरुवारीच निघतात. आज बेसिनमागची सिलिकॉनची पट्टी नीट पाहिली. काळी पडलीय, एका टोकाला सुटलीय. पाणी आत मुरून पलीकडच्या खोलीतल्या भिंतीला पोपडे आलेत. मागे एका कारागिराने जुन्यावरूनच नवं सिलिकॉन मारलं होतं. चार दिवस छान दिसलं. पण वाळलेल्या सिलिकॉनला काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. जुनं मुळापासून काढायला हवं.

"घासून नाही का निघायचं?" आईंनी विचारलं. वरवरचा डाग असता तर निघाला असता. ही बुरशी आत उतरलीय. ब्लीचने फिकी होते, जात नाही. ब्लीचवरून आठवलं: फरशीचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे दोन्ही बाटल्या एकाच फळीवर होत्या. आईंना सांगून अ‍ॅसिड गॅलरीत नेऊन ठेवलं.

शनिवार, २० एप्रिल

हार्डवेअरच्या दुकानात थिनर सुचवला. घेतला नाही. थिनरने सिलिकॉन फुगतं, विरघळत नाही. वाळूत आणि काचेत असते तीच सिलिकॉन-ऑक्सिजनची जोडणी त्याच्या कण्यात असते, म्हणून ते ऊन, पाणी, साबण सगळं सोसतं. ते मोडणारी जेल मिळतात, पण आधी पातं चालवावंच लागतं.

कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये, बॉडीला रंग देतात तिथे, आम्ही धुळीलाही इतकं भीत नाही जितकं सिलिकॉनला. धुळीचा कण घासून काढता येतो. सिलिकॉनचा अंश बॉडीवर राहिला तर ओला रंग तिथून मागे सरतो आणि गोल खड्डा पडतो, क्रेटर. म्हणून आत जाताना केसांचं सीरम, डिओ, हँडक्रीम काही चालत नाही. डोळ्यांना न दिसणारा थर काय करू शकतो हे मी रोज बघते. भिंतीच्या कडेचं काम लोक किरकोळ समजतात याचं म्हणूनच मला वाईट वाटतं.

बुधवार, २४ एप्रिल

२०१९च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी. पाण्याच्या दिवशी बाथरूममध्ये पिंपं भरायची असतात, तेव्हा तिथे पसारा काढता येत नाही. उद्या पाणी नाही आणि सुट्टी आहे. रात्रीच बेसिन कोरडं करून ठेवलं.

गुरुवार, २५ एप्रिल

सकाळी लवकर बसले. कटरला नवं पातं. आधी टाइलच्या बाजूने एक काप, मग बेसिनच्या बाजूने दुसरा, पातं जवळजवळ आडवं धरून. उभं धरलं की ग्लेझवर चरा उठतो. सुटलेलं टोक चिमटीत धरून सावकाश ओढलं तर हातभर पट्टी अखंड निघाली. वरचा थर पांढरा, खालचा पिवळट, आणि दोन्हींच्या मध्ये काळा चिकट ओलावा. वास कोंदट. कारागिराने झाकलेलं सगळं तिथे होतं.

नळाच्या बुडाशी पातं लावलं नाही. क्रोमवर ओरखडा गेला की तो कायमचा. तिथे जुन्या एटीएम कार्डाची कड चालली.

ढोबळ सगळं निघालं तरी काम अर्धंच झालेलं असतं. टाइलवर पातळ पापुद्रा उरतो, बोटाला लागतो पण दिसत नाही. कोरड्या घासणीने घासला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. एकाच दिशेने, दर वेळी फडक्याची नवी घडी. मग कामावरची परीक्षा घरी घेतली: पाणी शिंपडलं. स्वच्छ ग्लेझवर पाणी पसरून सलग थर धरतं. सिलिकॉन उरलेलं असेल तिथे थर तुटून थेंब वळतात. डाव्या कोपऱ्यात थेंब वळले. पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला पाणी सगळीकडे सारखं बसलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

दुपारभर फटीवर पंखा सोडला. संध्याकाळी दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून नवं सिलिकॉन भरलं, बोटाने दाबून टेप लगेच ओढली. साय धरल्यावर ओढली तर कड फाटते.

शुक्रवार, २६ एप्रिल

बेसिनला आज सुट्टी. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, दिवसाला साधारण दोन-तीन मिलिमीटर. एप्रिलच्या कोरड्या हवेत थोडा जास्तच वेळ लागतो. आईंनी तोंड धुवायला पिंपाशी तांब्या ठेवलाय. भिंतीचे पोपडे एवढ्यात खरवडायचे नाहीत, आतली ओल पूर्ण सुकू दे.

शनिवार, २७ एप्रिल

शेजारच्या काकू काम बघून गेल्या. त्यांच्या खिडकीतून पावसात पाणी येतं, "आमचंही करून दे गं" म्हणाल्या. त्यांची चौकट कडाप्प्याची आहे. मी बेसिनला वापरलं ते व्हिनेगरच्या वासाचं, वाळताना आम्ल सोडणारं. कडाप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, आम्लाने तो खराब होतो. तिथे न्यूट्रलच हवं. थोडं महाग पडेल, तसं त्यांना सांगितलंय. पुढच्या गुरुवारी जाऊन जुनं कापून ठेवते.