टॉलपडलचं मातीचं प्रार्थनाघर

मैत्रिणींनो, इंग्लंडला जाऊन आले म्हटलं की सगळ्या आधी लंडनचं विचारतात. मी मात्र आज तुम्हांला डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल या खेड्यात नेणार आहे.

"ताई, शाळेत इतिहास शिकवतेस ना, मग हे बघच," म्हणत भावाने मला एका लहानशा जुन्या चॅपलपुढे उभं केलं. माती आणि पेंढा कालवून रचलेल्या जाड भिंती! मला तर आजोळचा गोठाच आठवला. १८१८ साली गावच्या मेथडिस्ट पंथीयांनी हे प्रार्थनाघर उभारलं.

जॉर्ज लव्हलेस हा त्यांच्यातलाच एक शेतमजूर, प्रवचनही करायचा. त्या काळी मजुरी आठवड्याला ९ शिलिंगांवरून ७ वर आली होती, आता ६ च मिळतील असं मालक म्हणू लागले. तेव्हा मजुरांनी आपला संघ काढला. गुप्त शपथ दिली एवढ्याच गुन्ह्यावरून १८३४ साली सहा जणांना सात वर्षांचं काळं पाणी झालं. थेट ऑस्ट्रेलियाला!

माझा जीव अडकला तो मागे राहिलेल्या बायकांपाशी. कर्ता पुरुष गेला, मजुरी गेली. गावातल्या गरिबांना मिळणारी मदत मागायला गेल्या, तर तीही नाकारली. महिनाअखेरीला डबे चाचपणाऱ्या आपल्याला ते दुःख वेगळं सांगायला नको. देशभरच्या कामगारांनी वर्गणी काढून त्या लेकुरवाळ्यांना तगवलं. लाखो लोकांनी अर्जावर सह्या केल्या आणि १८३६ मध्ये सरकारला माफी द्यावी लागली.

चॅपलच्या नशिबी मात्र वनवासच होता. १८४३ नंतर तिथली प्रार्थना थांबली आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षं ते शेतीच्या कामी वापरलं गेलं. २०१५ साली एका विश्वस्त संस्थेने ते विकत घेतलं. मग निधी जमवून भिंती सावरल्या आणि गावकऱ्यांना एकत्र जमायला, घटकाभर शांत बसायला हक्काची जागा करून दिली. डामडौल काही नाही. माती ती मातीच ठेवली आहे.

परतताना सारखी आमच्या गावची धर्मशाळा डोळ्यांपुढे येत होती. जुनी झाली म्हणून पाडली आणि आम्ही कुणी चकार शब्द काढला नाही.

सुट्टीत माहेरी जाल तेव्हा तिथल्या पडक्या चावडीत, धर्मशाळेत जरा डोकावा. तिथे कोण कोण बसत असे, ते आजीला विचारा. आणि ती पाडायची बोलणी चालली असतील, तर गप्प बसू नका, बरं का!