चूक त्याची, हिशेब माझा

मागून गाडी ठोकली की चूक कोणाची, हे पुण्यात कुणाला विचारावं लागत नाही. न विचारताच सांगतात. नळस्टॉपच्या सिग्नलला, मेट्रोच्या पुलाखाली मी थांबलो होतो. मागून एक गाडी येऊन धडकली. मी दार उघडून उतरेपर्यंत जमलेल्या मंडळींचा निकालही लागला होता. ‘काका, तुमची काही चूक नाही. दोन हजार घ्या आणि विषय मिटवा.’ माझ्या वतीनं रक्कमसुद्धा ठरली होती.

गाडी चालवणारा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा दिसत होता. पावसाची भुरभुर चालू होती. ‘ब्रेक मारला काका, पण गाडी सरकली,’ असं म्हणत त्यानं पैसे पाठवायला फोनही काढला. बंपरवर वीतभर चरा होता आणि डाव्या कोपऱ्यात बारीकशी फट. एवढ्याला दोन हजार पुष्कळ, असं कुणालाही वाटलं असतं. मी पैसे घेतले नाहीत. दोन्ही गाड्यांचे नंबर दिसतील असे फोटो काढले, त्याचं लायसन्स, आरसी आणि पॉलिसी यांचे फोटो घेतले आणि गाडी बाजूला केली. मागचे हॉर्न तोवर शिगेला पोचले होते.

हल्लीचा बंपर प्लॅस्टिकचा असतो. दबतो आणि पुन्हा फुगून जागेवर येतो. त्यामुळे बाहेरून तो साळसूद दिसतो. गॅरेजमध्ये मिस्त्रीनं तो उतरवला तेव्हा आतून प्लॅस्टिकचे तुकडे खाली सांडले. बंपर धरून ठेवणारी डावीकडची सगळी लॉक तुटली होती, पार्किंग सेन्सरची बैठक फुटली होती आणि डिकीखालच्या पत्र्याला पोचा आला होता. ‘वरून काय कळतंय साहेब, आतलं सगळं गेलंय,’ मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं समाधान होतं, असा मला संशय आहे. एस्टिमेट निघालं 14,200 रुपये.

मग तो नेहमीचा प्रश्न आला: ‘क्लेममध्ये टाकायचं की कॅशमध्ये?’

विमा आहे तर क्लेम करायचा, यात विचार कसला, असं आपल्याला वाटतं. मी कागद घेऊन बसलो. माझ्या पॉलिसीत झिरो डेप नाही. म्हणजे प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मे पैसे कंपनी कापणार, रंगाच्या सामानाचेही निम्मे. वर छोट्या गाडीला हजार रुपयांची सक्तीची वजावट, गॅरेजवाले ज्याला फाइल चार्ज म्हणतात ती. हातात पडणार जेमतेम दहा हजार. दुसरीकडे, सलग पाच वर्षं क्लेम नसल्यानं मला 50 टक्के नो क्लेम बोनस मिळतो. एक क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत जावं लागतं. माझ्या ओन डॅमेजचा हप्ता बोनसआधी नऊ हजारांच्या घरात आहे. तो तेवढाच राहिला असं धरलं, तरी पुढच्या पाच वर्षांत 11,250 रुपये जास्त भरावे लागणार. धडक दिली त्यानं, आणि बोनस बुडणार माझा! चूक कोणाची होती, हे तो बोनस विचारतच नाही.

त्याच्याही गाडीचा थर्ड पार्टी विमा होताच. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला त्यात साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. पण ते पैसे मागायला जायचं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात: पोलिसांचा कागद, वकील, तारखा. चौदा हजारांसाठी त्या जिन्यानं कोण चढतो? ही वाट कायद्यात आहे, व्यवहारात नाही.

राहिली आपसातली बोलणी. मुलाच्या वडिलांना फोन केला तर, ‘तो तर जागेवरच पैसे देत होता, तुम्हीच घेतले नाहीत,’ असा सूर. मी वाद न घालता त्यांना गॅरेजवर यायला सांगितलं. आले, तुटलेली लॉक हातात घेऊन पाहिली आणि गप्प झाले. मग बंपरच्या उजव्या टोकावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा चरा मात्र जुना आहे.’ होताच जुना, आमच्या सोसायटीच्या फाटकाचा. बारा हजारांवर ठरलं. त्यांनी पैसे थेट गॅरेजला दिले, आणि आता आमचं एकमेकांकडे काही येणं नाही, असं एका कागदावर दोघांच्या सहीनं लिहून घेतलं.

माझी मान दुसऱ्या दिवशी सकाळी आखडली, ती आठवडाभर कुरकुरत होती. बसलेल्या झटक्याचं दुखणं असं उशिरानं उगवतं, असं डॉक्टर म्हणाले. सीटचा हेडरेस्ट डोक्याच्या उंचीला आणून ठेवा, हेही त्यांनीच बजावलं. बहुतेकांच्या गाडीत तो शोरूममधून आला तसा तळाला बसलेला असतो.

तेव्हा सिग्नलवर कुणी रक्कम ठरवू लागलं, तर फोटो आणि फोन नंबर घ्या, पण बंपर उतरवून आत पाहिल्याशिवाय कोणत्याही आकड्याला हो म्हणू नका. आणि कुणाला दुखापत झाली असेल, तर ही आपसातली बोलणी बाजूला ठेवा. आधी दवाखाना गाठा आणि पोलिसांत नोंद करा.