आधी चित्र, मग अक्षर

८ जून, लालबाग

दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानातून माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आणली: ‘राधाचं घर’चा संच, ‘बाबाच्या मिश्या’ आणि ‘चित्रवाचन’. सगळी ज्योत्स्ना प्रकाशनाची. भाचीला अजून अक्षरओळख नाही, म्हणून ‘चित्रवाचन’ आधी तिच्या पुढ्यात ठेवलं. जेवणं झाली, भांडी घासून झाली, तरी बाईसाहेब त्याच पानावर. एकेका माणसावर बोट ठेवून हा कुठे चाललाय, ती कुणावर चिडलीय, हे आम्हालाच समजावत होती. ताई म्हणाली, “अगं, पान तरी उलट!” तर तिचा हात झटकून टाकला.

९ जून

सकाळी भावोजी दाढी करायला बसले, तर ही आरशासमोर हजर. वेणीचं टोक ओठांवर आडवं धरून स्वतःच्या मिश्या निरखत होती. ‘बाबाच्या मिश्या’ रात्रीच ऐकून झालं होतं!

१२ जून

माधुरीताई जे. जे.च्या विद्यार्थिनी, पुढे पॅरिसला शिकल्या, पिकासोचं चरित्र मराठीत लिहिलं. एवढा व्यासंग असलेली चित्रकर्ती लहान मुलांसाठी काढताना हात आखडता घेत नाही, याचं मला फार मोल वाटतं. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकात चित्र बहुतेकदा उरलेली जागा भरायला येतं. मुलगा झाडावर चढला असं मजकुरात असेल, तर चित्रातही तेवढंच. इथे लिहिणारी आणि काढणारी एकच, त्यामुळे शब्दांनी कुठे गप्प बसायचं ते तिला नेमकं कळतं. माणसं जाहिरातीतली गुटगुटीत नाहीत, आपल्यातली आहेत. घर राहतं वाटतं.

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. टाटा ट्रस्टचा बिग लिटल बुक पुरस्कार २०१६ साली, पहिल्याच वर्षी मिळाला, तो लेखिका म्हणून; चित्रकाराचा अतनु राय यांना गेला. दोन्ही निवडी रास्तच. तरी माधुरीताईंच्या पुस्तकांविषयी बोलताना आपण गोष्टीवरच बोलतो आणि चित्रं ‘छान आहेत’ म्हणून पुढे जातो, हे मला खटकतं.

१५ जून

आमच्या मंडळाच्या बालवाचनालयासाठी माधुरीताईंच्या ‘यश’चा संचही घ्यायचं ठरलं. नोंदवहीत लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचा रकाना आखून घेतला. जुनी पुस्तकं काढून नावं शोधतोय. काहींत चित्रकाराचं नावच छापलेलं नाही. त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. कुणा जाणकाराला विचारून भरायची.