उलट्या हातांची पकड

आम्ही गोल्फ खेळतो असे सांगितले की वस्तीतली माणसे आधी आमच्या पायांकडे पाहतात, बूट कसले आहेत म्हणून. मग तोंडाकडे पाहतात, आम्ही थट्टा करतो आहोत की काय म्हणून. त्यांची चूक नाही. गोल्फ म्हटला की डोळ्यांपुढे हिरवळ येते, पांढरी टोपी येते आणि साहेबाच्या मागे पिशवी वाहणारा एक पोरगा येतो. त्या चित्रात आपल्या माणसाची जागा ठरलेली आहे, पिशवीखाली. त्या जागेवर आम्ही स्वतः उभे राहिलेलो आहोत, म्हणून हे लिहितो.

शाळेत असताना, नव्वदच्या दशकात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका अधिकारी वसाहतीच्या मैदानावर आम्ही दर रविवारी पिशव्या वाहायला जात होतो. हिरवळ म्हणाल तर पावसाळ्यापुरतीच. एप्रिल लागला की गवत जळून जाई. भोकाभोवतीची जागा तर बारा महिने वाळूची, तेल कालवून दाबून बसवलेली. तिला सगळे 'ब्राऊन' म्हणत. एका फेरीचे दहा रुपये मिळत. नियम एकच होता : पिशवीला हात लावायचा, स्टिकला नाही. साहेबांनी मागितली तर तेवढी काढून द्यायची.

एके दिवशी एका साहेबांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी स्टिक आमच्या हातात दिली आणि म्हणाले, मार एक. आम्ही ती जशी धरली तशी सगळे हसले. "अरे, कुऱ्हाड आहे का ती?" असे एक जण म्हणाले. मग त्या साहेबांनीच आमची बोटे नीट लावून दिली. डावा हात वर, उजवा खाली, उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर. चेंडू दहा पावले गेला. तेवढ्यात पाळी संपली.

ते हसणे आम्ही विसरलो नाही, पण ती पकडही विसरलो नाही. पुढे बी. कॉम. झालो, कारकुनी लागली, संसार झाला, चळवळीची कामे मागे लागली. तरी घरात झाडूचा दांडा हातात आला की आमची बोटे आपोआप तशी बसत. घरच्यांनी याचा अर्थ आम्ही झाडून काढणार असा घेतला, आणि पुष्कळदा तेही करावे लागले. एक गोष्ट आपल्याला 'बरोबर' येते, साहेब लोकांसारखी येते, याचा आम्हांला छुपा अभिमान होता.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की आमचा मुक्काम चेंबूरला मामेभावाकडे असतो. तिथल्या गोल्फ क्लबाच्या शेजारच्या वस्त्यांमधली पुष्कळ मुले कॅडीचे काम करतात. क्लबात खेळायला मिळत नाही, म्हणून ती आपल्या गल्लीत खेळतात. बांधकामाची सळई घ्यायची, टोक वाकवायचे, झाली स्टिक. चेंडू प्लास्टिकचा. दोन झोपड्यांमधली तीन-चार हातांची वाट, वर पत्रे आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. पूर्ण झोका घ्यायला जागाच नाही. म्हणून त्यांचा झोका आखूड, गुडघ्यापासून गुडघ्यापर्यंत. पण चेंडू गटारावरून, पत्र्याखालून नेमका जातो. आम्ही तासभर उभे राहून पाहिले. भिमसैनिकांची गर्दी पाहायला आलेला माणूस गल्लीत काय पाहतो आहे, असे मामेभावाला वाटले असेल.

परत आलो आणि वेल्डरकडून बारा एमएमच्या सळईच्या चार स्टिक करून घेतल्या. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. खरे चेंडू पाच मिळाले, तेही अधिकारी वसाहतीच्या नालीत सापडलेले. डिसेंबरात धान कापून झाले की बांध्या मोकळ्या होतात. एका समाजबांधवाने आपली बांधी दिली. आठ मुले आणि दोन मुली जमल्या. सकाळी ऊन चांगले वर आल्याशिवाय जायचे नाही आणि जंगलाच्या कडेला जायचे नाही, हा पहिला नियम. आमच्या भागात त्याचे कारण सांगावे लागत नाही. हातात सळया पाहून एक म्हातारी म्हणालीच, वाघ इतक्याने भीत नाही बाबा.

विहार समितीतल्या एका ज्येष्ठांनी आम्हांला सुनावले. पोरांना स्पर्धा परीक्षेला बसवायचे सोडून हे साहेबांचे चोचले कशाला? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अभ्यासिकेचे दिवे रात्री अकरापर्यंत चालू राहतात ते त्यांच्यामुळेच. पण बाबासाहेबांनी आम्हांला चवदार तळ्यावर नेले ते केवळ तहान लागली म्हणून नव्हे. जे सार्वजनिक आहे त्यावर आपलाही हक्क आहे हे दाखवायला नेले. खेळ त्यात येत नाही काय? हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगताना मान खाली जाते.

त्या मुलांत एक तेरा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव देत नाही. त्याचे घर मूळचे गडचिरोलीकडचे. आजोबांची हयात बांबू तोडण्यात आणि फोडण्यात गेली. हा मुलगा लिहितो-जेवतो उजव्या हाताने, उभा राहतो उजव्या हाताच्या खेळाडूसारखा, पण सळई धरतो उलटी. उजवा हात वर आणि डावा खाली. आजोबांच्या समोर बसून तो काम शिकला, आरशात पाहावे तसे हात उचलले, असा आमचा तर्क आहे. पहिल्याच दिवशी आम्ही त्याला थांबवले. बोटे लावून दिली. त्याने दोन चेंडू मारले, दोन्ही जागेवरच. तिसऱ्या वेळी हात पुन्हा उलटे. आणि आम्ही सगळ्या मुलांसमोर म्हणालो, "अरे, कुऱ्हाड धरली आहेस काय?"

मुले हसली. आम्हीही हसलो. तीस वर्षांपूर्वीचे वाक्य आमच्याच तोंडून निघाले आणि आमच्या लक्षातही आले नाही. मुलगा पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या आठवड्यात विहारातून निघताना त्याच्या आईने आम्हांला अडवले. त्या दिवशी आम्ही कालाम सुत्तावर बोललो होतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे भगवंतांनी केसपुत्ताच्या कालामांना सांगितले, हे आम्ही पाऊण तास समजावले होते. बाई म्हणाली, "भाऊ, विहारात तुमीच सांगता ना, कोनी मोठा मानूस म्हनते म्हनून खरं मानू नका. मंग माह्या पोराले कावून हसले?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. उजवा हात खाली का, डावा का नाही, हे आम्ही कधी तपासलेच नव्हते. साहेबांनी बोटे लावून दिली होती, एवढाच आमचा पुरावा.

घरी येऊन मोबाइलवर शोधू लागलो, आणि अर्ध्या रात्रीपर्यंत झोप आली नाही. दक्षिण आफ्रिकेत दरबानला पापवा सेवगोलम नावाचा खेळाडू होऊन गेला. नाताळ प्रांतात १८६० पासून आपल्या देशातून ऊसमळ्यांवर गिरमिटिया मजूर गेले, त्या भारतीय समाजातला. कॅडीचे काम करता करता स्वतःच खेळ शिकला. पकड नेमकी या मुलासारखी, उजवा हात वर, डावा खाली. ग्रॅहम वुल्फ या गोऱ्या उद्योजकाची पिशवी तो वाहत असे. त्यांनी त्याचा खेळ ओळखला आणि त्याला युरोपला नेले. १९५९ मध्ये त्याने डच ओपन जिंकली. १९६० मध्ये पुन्हा, आणि १९६४ मध्ये तिसऱ्यांदा.

आपल्याच देशात मात्र वर्णभेदाचा कायदा आडवा आला. १९६३ मध्ये त्याने दरबानला नाताळ ओपन जिंकली. पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबाच्या इमारतीत गेले. पापवाला आत जाण्यास बंदी होती, म्हणून त्या दिवशीचा विजेता बाहेर पावसात उभा राहिला आणि चषक त्याच्या हाती तिथेच देण्यात आला. ते छायाचित्र जगभर छापले गेले. १९६५ मध्ये त्याने तीच स्पर्धा गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला मागे टाकून पुन्हा जिंकली. त्यानंतर त्याला देशातल्या मोठ्या स्पर्धांचे दरवाजेच बंद झाले. १९७८ मध्ये तो वारला. आज दरबानच्या एका गोल्फ मैदानाला त्याचे नाव आहे.

पावसातला तो माणूस पाहून आम्हांला पळवणकर बाळू आठवले नसते तरच नवल. पुण्याच्या क्रिकेट मैदानावर चेंडू सर्वांनी त्यांच्या हातून घ्यायचा, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच हाताने ११४ बळी घेतले. (हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले, तो भाग वेगळा.)

अमेरिकेत चार्ली ओवेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय खेळाडूही असाच उलट्या हातांनी खेळे, तेही एक गुडघा वाकत नसताना. आणि गंमत अशी की भोकाजवळचा हलका फटका मारताना आज मोठमोठे व्यावसायिक खेळाडू डावा हात खाली घेतात. २०१५ मध्ये मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकणारा जॉर्डन स्पीथ त्यांतलाच. तेव्हा कुऱ्हाड कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. माफी मागितली. मोठ्या माणसाने लहानाची माफी मागितली की घरात सगळेच अवघडतात. आईने चहा टाकला. मुलगा दाराआडून बाहेर येईना. शेवटी आम्ही म्हणालो, आम्हांला तुझी पकड शिकव. तेव्हा तो बाहेर आला आणि आमच्याकडे संशयाने पाहू लागला.

शिकणे सोपे गेले नाही. पंचेचाळीस वर्षांच्या हातांना उलटे व्हायला सांगणे म्हणजे सहीच्या हाताने नव्हे, दुसऱ्या हाताने खतावणी लिहिण्यासारखे. पहिल्या रविवारी वीस वेळा सळई फिरवली, त्यांत सतरा वेळा ढेकूळ उडाले. डाव्या मनगटाला सूज आली, सोमवारी टाचणी लावताना कळ येई. सवयीच्या पकडीत उजवा हात खाली असतो म्हणून उजवा खांदा खाली झुकतो. इथे ते उलटे होते. हात वर नेला की छातीशी अडतो, फार मागे जातच नाही. आम्ही जोर लावून तो नेत होतो आणि दर वेळी तोल जात होता. मुलगा शांतपणे उभा राहून पाही. "काका, जोर कावून लावता? हात नका फिरवू. पोट फिरवा."

त्या एका वाक्यात सारे होते, पण ते आमच्या पोटापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. हात खांद्याच्या उंचीवर थांबवायचे. तिथून कमर वळवायची, हात नुसते तिच्या मागे येऊ द्यायचे. डावा हात खाली असल्याने त्याचे मनगट आत मुडपत नाही, ताठ राहते. उजव्या हाताला वरून चेंडू गुंडाळायला वाव मिळत नाही. म्हणून चेंडू लांब जात नाही, पण बराचसा सरळ जातो. आमचा जुना रोग म्हणजे चेंडू उजवीकडे पळणे. तो या पकडीत पुष्कळ कमी झाला. आखूड झोका, अडचणीची जागा : चेंबूरच्या गल्लीतही हेच पाहिले होते, पण तेव्हा आम्ही ते गरिबांचे कौशल्य म्हणून कौतुकाने पाहिले, शिकण्याजोगी रीत म्हणून नाही.

कारकुनी सवयीने आम्ही वहीत नोंद ठेवली. ऐंशी पावलांवर पळसाचे झाड, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन धुरे. दहा फटक्यांत चेंडू त्या दोन धुऱ्यांच्या आत किती राहतात ते मोजायचे. साहेबी पकडीने आमचे तीन राहत. बाकीचे शेजारच्या लाखोळीत, आणि शेतमालक आमच्यावर नाराज. उलट्या पकडीने पहिल्या रविवारी एकही नाही. सहाव्या आठवड्यात सहा. मात्र चेंडू आता झाडापर्यंत पोचत नाही, वीसेक पावले अलीकडेच थांबतो. दोन्ही आकडे वहीत आहेत. मुलाचे आकडे आमच्याहून चांगले आहेत, ते इथे देत नाही, नाहीतर लोक आमच्याकडे शिकायला येणार नाहीत.

मुलगा आता दर रविवारी येतो. पापवाचे पावसातले छायाचित्र आम्ही त्याला दाखवले. त्याने चषकाकडे किंवा पावसाकडे पाहिले नाही. मोबाइलवर इतर छायाचित्रे काढायला लावून तो हातच पाहत राहिला. मग म्हणाला, याची करंगळी माझ्यापेक्षा वेगळी बसली आहे.

मागच्या रविवारी खेळ संपत आला होता. पोरे सळया गोळा करीत होती. तो आमच्याजवळ येऊन म्हणाला, "काका, तुमची ती जुनी पकड दाखवा ना. झाडापर्यंत न्यायचा आहे."

आम्ही जरा घुटमळलो. मग त्याची बोटे लावून दिली, डावा वर, उजवा खाली. या वेळी का ते सांगितले, आणि त्यात काय बिघडते तेही सांगितले. त्याने पोट वळवले आणि मारला. चेंडू झाडाच्या वरून गेला, वळला आणि सरळ लाखोळीत जाऊन पडला. पाचांतला तो चौथा चेंडू. धुऱ्यावर शेतमालक उभेच होते. आम्ही दोघे चपला हातात घेऊन शोधायला उतरलो.