गिरणीच्या इंजिनाचे हेड

पेडणे तालुक्यातली एक जुनी गिरण मोडीत निघाली. ती आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांची. आतले डिझेल इंजिन डिचोलीच्या एका भंगारवाल्याने किलोच्या भावाने मागितले होते. आजोबा म्हणाले, "शाळेला देतो. फक्त पाटीवर 'विलायती' असे लिहा." विश्वस्तांनी प्रयोगशाळेमागची पडवी दिली आणि पाटी लिहिण्याचे काम आम्हा विज्ञान मंडळाच्या आठ मुलांवर व दोन शिक्षकांवर आले.

पितळी पट्टीवर लिस्टर, डर्सली, इंग्लंड अशी अक्षरे स्पष्ट होती. मग शोधायचे ते काय, असे आम्हांला वाटले. पण मदतीला आलेल्या म्हापशाच्या निवृत्त मिस्त्रींनी आधी हेडकडे बोट दाखवले. पट्टी रिव्हेटने बसवतात, ती काढताही येते. हेडवर उठून दिसणारी अक्षरे लाकडी साच्यातून लोखंडातच उतरतात. एका साच्यातून कितीतरी हेड निघतात, म्हणून त्या अक्षरांवरून हेड कोणत्या घडणीचे ते कळते. खोलगट आकडे मात्र नंतर पंच ठोकून उमटवलेले असतात.

मोजमापाने काही सुटले नाही. सहा हॉर्सपॉवरच्या या लिस्टरचे वेग मिनिटाला 650 फेरे, सिलिंडरचा व्यास साडेचार इंच आणि पिस्टनची धाव साडेपाच इंच. राजकोटला पुढे याच मापांची इंजिने भरपूर निघाली. फरक दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. अस्सल हेडच्या बाजूला एक छोटे हातचाक असते. ते आत फिरवले की ज्वलनाच्या पोकळीचा एक भाग बंद होतो, दाब वाढतो आणि थंड इंजिन लवकर सुरू होते. आमच्या हेडवर ते चाक नव्हते, चाकासाठी जागाही नव्हती.

रंगाचे थर जाड होते. छिन्नी लावायची नाही, अशी मिस्त्रींची सक्त ताकीद. रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन आम्ही दोन शनिवार घासत बसलो. (गणवेशाबद्दल पालकांनी क्षमा करावी.) शेवटी नाण्यावर धरतात तसा पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली. उमटले ते इंग्रजीत 'मेड इन इंडिया', आणि त्यातले दोन्ही 'एन' उलटे! साचा करणाऱ्याने अक्षरे उलटी ठोकली असणार. आम्ही पोट धरून हसलो. मग बाकावर बसलेल्या आजोबांकडे लक्ष गेले आणि हसू थांबले.

त्यांची नात म्हणाली, "पट्टी खरीच आहे ना? मग हेडचे कशाला लिहायचे?" आमच्यातल्या तिघांना तिचे पटले. बाकीचे हिशेब मांडत होते. इंजिन पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरातून आले, असे घरचे सांगतात. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली होती, तेव्हा सीमेपलीकडचा सुटा भाग उघडपणे मिळणे कठीण. म्हणजे हेड बहुधा 19 डिसेंबर 1961 नंतर, मुक्त गोव्यात बसवलेले.

"1964," आजोबा म्हणाले. "चतुर्थीच्या तोंडावर दळणाची रांग लागली होती. टाकीतले पाणी संपले ते मी बघितलेच नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले आणि हेड चटकन तडकले. बाबांना सांगितले, जुने झाले होते, आपोआप गेले. त्यांनी बेळगावहून हे आणून बसवले. मला एका शब्दाने बोलले नाहीत."

नात त्यांच्याजवळ जाऊन बसली. आम्हांला काय बोलावे ते सुचेना. मिस्त्री म्हणाले, "हेड तडकणे काय, आमच्या रोजच्या कामातले," आणि ते ब्रश धुऊ लागले.

पुढच्या शनिवारी पाटीचा मजकूर लिहून आम्ही आजोबांना दाखवला : 'इंजिन – लिस्टर, डर्सली, इंग्लंड (पट्टीवरून). हेड – भारतीय बनावट, बहुधा 1964 साली बदललेले.' त्यांनी चश्मा लावून दोनदा वाचले आणि पेन्सिल मागितली.

'बहुधा' हा शब्द त्यांनी स्वतः खोडला.