नमुना

उरणला ताईच्या घरी टीव्हीच्या वरच्या फळीवर परवापरवापर्यंत एक पिवळं प्लास्टिकचं बदक होतं. त्याच्या पोटाभोवती खाकी चिकटपट्टीचे चार-पाच वेढे. दाबलं की पूर्वी त्याच्या चोचीत दिवा लागायचा. आता आत सेलच नव्हता. कुणी विचारलं तर ताई सांगायची, "मामाने दिल्लीहून आणलं होतं." पुढची हकीकत ती सांगत नसे. त्याच्या मागची तिला ठाऊकच नव्हती.

दिल्लीत सदर बाजारातल्या एका खेळण्यांच्या आयातदाराकडे मी नऊ वर्षं नोकरी केली. काम कागदांचं. आमचा माल चीनहून जहाजाने न्हावा-शेव्याला उतरायचा आणि तिथून रेल्वेने तुघलकाबादच्या कोरड्या बंदरात यायचा. ज्या बंदरासाठी आमच्या आजोबांची मिठागराची जमीन गेली, तिथूनच सुटलेल्या कंटेनरची मी चौदाशे किलोमीटरवर वाट पाहत बसायचो, याची मला कधी गंमत वाटायची, कधी नाही.

2017 च्या सप्टेंबरमध्ये खेळण्यांच्या आयातीचा नियम कडक झाला. भारतीय मानकांप्रमाणे, म्हणजे आयएस 9873 आणि विजेच्या किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस 15644 प्रमाणे, चाचणी झाल्याचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडणं आलं. सोबत उत्पादकाचं एक प्रमाणपत्र, की 'प्रातिनिधिक नमुना' तपासून घेतला आहे. हा शब्द मी शेकडो वेळा टाइप केला असेल. नमुना कारखानदार स्वतः निवडून प्रयोगशाळेत पाठवत असे. मुलगी दाखवायची त्या दिवशी घर झाडून-पुसून ठेवतात, त्यातलाच प्रकार.

तरी अहवाल वाचायला मला आवडायचे. त्यांत मूल कुठेच दिसत नाही आणि तरी पानोपानी मूलच असतं. सुट्या भागांसाठी एक तिरक्या तळाचं नळकांडं असतं, आतला व्यास 31.7 मिलिमीटर. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा एखादा तुकडा न दाबता त्यात मावला, की खेळणं नापास. ते नळकांडं म्हणजे लहान मुलाचा घसा. रंगाची चाचणी तर मी बायकोला वाचून दाखवली होती. खेळण्यावरचा रंग खरवडतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात घालतात, 37 अंशांवर तासभर ढवळतात, तासभर तसाच ठेवतात, आणि मग त्यातून शिसं किती उतरलं ते मोजतात. आम्ल म्हणजे जठरातला रस, 37 अंश म्हणजे अंगाची ऊब. कुणीतरी बसून विचार केला होता, की मूल खेळणं चाटणार, चावणार, गिळणार, आणि ते गृहीत धरूनच ते खेळणं बनवायला हवं. आपल्याकडे मूल पडलं की आधी आईला बोल लावतात. या कागदांत तिला कुणी बोल लावलेला नव्हता.

सेलच्या झाकणाबद्दल तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. जो सेल त्या नळकांड्यात मावतो, तो हत्याराशिवाय निघता कामा नये. हत्यार म्हणजे साधा स्क्रूड्रायव्हर. झाकणाला एक स्क्रू, इतकीच मागणी.

2018 च्या जुलैमध्ये बदकं आली. सहा हजार नग. अहवाल चोख होता, फोटोसकट. फोटोत बदक उलटं ठेवलेलं, पोटावर झाकण, झाकणाला स्क्रू. गोदामात खोका फोडून माल कागदांशी ताडून पाहणं हे माझं काम. मी एक बदक उलटं केलं. स्क्रूच्या जागी प्लास्टिकची खाच होती. नखाने झाकण सरकलं आणि सेल तळहातावर पडला. 20 मिलिमीटरचा, एक रुपयाच्या नाण्याहून किंचित लहान.

मला सगळं कळलं होतं, हे आधी सांगून टाकतो. कारखान्याने नमुन्याला स्क्रू लावला होता आणि मालात वाचवला होता. खोक्यावर '3 वर्षांवरील मुलांसाठी' अशी चिठ्ठी होती. पिवळं, गुबगुबीत, दाबलं की दिवा लागणारं बदक चार वर्षांचं पोर कशाला घेईल? बाहेर दोन टेम्पो उभे होते. रक्षाबंधनाआधी माल सुटायला हवा होता. मी 'तपासून पाहिले' या ओळीखाली सही केली. दोन-तीन सेकंदांचं काम. आणि जाताना एक बदक भाच्यासाठी पिशवीत टाकलं. हे मी कसं केलं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर फार साधं निघतं. माझ्या डोक्यात ती फाइल होती आणि ते खेळणं होतं, आणि दोन्ही एकच वस्तू आहे हे डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

गणपतीत उरणला गेलो. भाचा दीड वर्षाचा. चतुर्थीच्या रात्री, आरती होऊन पानं वाढायच्या वेळी, ताई हातात बदक घेऊन आली. झाकण उघडं, आत काही नाही. "अरे, यातलं काही पडलंय का?"

पोर हसत होतं. लाळ गळत होती, पण दात येत होते, ती नेहमीच गळायची. मी भाओजींना म्हटलं, गाडी काढा.

उरणहून पनवेलच्या रस्त्याला ट्रेलरच्या रांगा. कंटेनरमागे कंटेनर, एकही पुढे सरकेना. भाओजी हॉर्न वाजवत होते, ताई मागे पोराला मांडीवर धरून त्याच्या तोंडात सारखं बोट घालून पाहत होती. मी तिला काही बोललो नाही. मला काय ठाऊक होतं, ते असं: हा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओल्या ऊतींतून वीज वाहू लागते, त्याच्या ऋण टोकापाशी दाहक क्षार तयार होतो, आणि दोन तासांत आतून जळायला लागतं. सेल फुटावा लागत नाही, गळावा लागत नाही. मी घड्याळ पाहत होतो. ताईला वाटलं, मी घाबरलोय म्हणून गप्प आहे. घाबरलो होतोच.

क्ष-किरणात घशापासून पोटापर्यंत काही नव्हतं. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. नाणं एकाच कडेचं दिसतं, सेलला आत आणखी एक कडा दिसते, असं त्यांनी आम्हाला शांतपणे समजावलं. आम्ही पहाटे परतलो. आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निर्माल्य गोळा करताना दूर्वांच्या जुडीत सेल सापडला. ताई रडली, मग हसली, मला म्हणाली, "काय नमुना खेळणं आणलंस रे!" आणि तिनेच बदकाला चिकटपट्टी गुंडाळली.

दिल्लीला परतल्यावर मी शेठना सांगितलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या नातीलाही त्यांनी तेच बदक दिलं होतं. उठून त्यांनी घरी फोन लावला आणि सुनेला म्हणाले, वो बत्तख अभी उठाके फेंको. मग फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, बाकीची? ते म्हणाले, माल तो निकल गया. ते खरंच होतं. सदरमधून माल गोरखपूरला गेला, पाटण्याला गेला, रोहतकला गेला. घेणाऱ्यांनी रोख पैसे दिले, गाठोडी बांधली आणि रिक्षावर टाकली. बिलावर 'खेळणी, मिश्र' एवढंच. खोक्यावर बॅच क्रमांक नाही, आयातदाराचा पत्ता अर्धवट. एकूण 5,998 बदकं. कुणाला फोन करणार होतो आम्ही? हे वाक्य मी तेव्हा शेठचं म्हणून ऐकलं, पण त्यामागे लपायला मलाही जागा होती.

पुढे नियम बदलले, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, नेमके तिथेच बदलले जिथे आम्ही उभे होतो. 2019 च्या डिसेंबरमध्ये प्रत्येक खेपेतून बंदरातच नमुना उचलायचं ठरलं. कारखानदाराने निवडलेला नमुना पुरेनासा झाला. भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरातल्या बाजारांतून आयात खेळणी उचलून तपासली, तेव्हा जवळपास 67 टक्के नापास झाली होती. 2021 च्या 1 जानेवारीपासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणं बनवणं, आणणं, विकणं बंद झालं. त्यासाठी परवाना हवा, आणि तो देण्याआधी अधिकारी कारखाना पाहतात, मग तो कुठल्याही देशातला असो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धोकादायक माल बाजारातून परत मागवायला लावण्याचा अधिकारही दिला. जकात 20 टक्क्यांवरून आधी 60, मग 70 झाली, पण ती गोष्ट वेगळी. जकातीने बदकाला स्क्रू लागत नाही.

नोकरी सोडून मी आता छोट्या कारखानदारांचे परवान्याचे अर्ज भरतो. त्यांच्या तक्रारी खऱ्या असतात. चार माणसांचं युनिट, त्यात चाचणीची सोय करायची, नोंदवह्या ठेवायच्या, प्रत्येक प्रकाराचा अहवाल आणायचा. मी त्यांचं ऐकतो, जिथे सवलत आहे तिथे मिळवून देतो. आणि झाकण नखाने उघडून पाहतो. परवा एकजण वैतागून म्हणाला, "एका स्क्रूसाठी किती छळता!" मी त्याला काहीच सांगितलं नाही.

यंदाच्या गणपतीत भाचा साडेआठ वर्षांचा. त्याला वस्तू उघडायचा नाद आहे. फळीवरचं बदक खाली काढून त्याने चिकटपट्टी सोलली. ती चिवट झाली होती, तुकड्यातुकड्याने निघाली. मग माझा स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन बदक उलटंपालटं करत बसला.

"मामा, याचा स्क्रू कुठाय?"

"नाहीये."

"पडला?"

"नाही. लावलाच नव्हता."

"तुला कसं माहीत?"

ताई आत करंज्या तळत होती. तेलाचा आवाज येत होता. मी त्याला म्हटलं, "आईला बाहेर बोलाव जरा. गॅस बारीक करून ये म्हणावं."